नळापासून नळापर्यंत

आमच्या स्वयंपाकघरात दोन वेळचं मिळून रोज पन्नास किलोच्या आसपास भाजी चिरली जाते. चिरणारी माणसं चार. त्यातल्या सगळ्यात जुन्या मावशींच्या उजव्या मनगटाला गेल्या वर्षी सूज यायला लागली. त्या काही बोलल्या नाहीत. सकाळचं कांद्याचं घमेलं संपलं की गरम पाण्यात हात धरून उभ्या राहायच्या, एवढंच दिसायचं. मग एके दिवशी त्यांच्या हातून सुरी निसटून पायाजवळ पडली. त्याच दुपारी मी वही काढली आणि चिरण्याच्या साधनांचा शोध सुरू केला. तो संपायला दोन महिने लागले.

विजेवर चालणारं मोठं यंत्र घ्या, असं जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं. मी त्यावर विचार केला आणि तो सल्ला बाजूला ठेवला. आमच्याकडे एकाच भाजीचे वीस किलो कधीच नसतात. पाच किलो गाजर, तीन किलो काकडी, आठ किलो कांदे, असं सात-आठ प्रकारचं चिरण असतं आणि प्रत्येकाचा काप निराळा. दर वेळी चकती बदलायची, भांडं धुवायचं, पुन्हा जोडायचं, आणि ओट्याचा तेवढा तुकडा दिवसभर अडकून राहायचा. आमच्या कामाचं माप हाताने चालवायच्या साधनांचंच आहे, हे मला पटलं होतं. प्रश्न एवढाच होता की कोणती.

खरं तर अशी साधनं आमच्याकडे आधीपासून होती, कपाटाच्या खालच्या खणात. दोरी ओढायचा चॉपर, प्लास्टिकचा स्लायसर, व्हॅक्यूमने ओट्याला चिकटणारं हँडलचं यंत्र. कधी कुणी भेट दिलेलं, कधी मीच हौसेने आणलेलं. ती तिथे का पडून आहेत हे मी कधी विचारलंच नव्हतं. या वेळी एकेक बाहेर काढून चौघांसमोर ठेवलं आणि विचारलं, "हे का वापरत नाही?"

उत्तरं तयार होती. दोरीच्या चॉपरमध्ये एका वेळी दोनच कांदे मावतात, खालचे बारीक होतात आणि वरचे तसेच राहतात. सगळे सारखे व्हावेत म्हणून आणखी ओढलं की कांद्याला पाणी सुटतं. झाकणातल्या स्प्रिंगजवळ दोरी झिजते, एक तर तुटलीच होती. चिकटणाऱ्या यंत्राचा पाया गुळगुळीत, कोरड्या ओट्यावरच धरतो. आमचा ओटा सकाळी कोरडा असतो कुठे? आणि स्लायसरबद्दल मावशी म्हणाल्या, "ताई, काकडी होते पटकन, पण मग ते धुणार कोण? त्याच्या भेगांत अडकलेलं काढायला मला टाचणी लागते. त्यापेक्षा सुरी बरी. नळाखाली धरली, पुसली, झालं."

त्या एका वाक्याने माझी मोजायची पद्धतच बदलली. तोवर मी चिरायला किती वेळ लागतो एवढंच बघत होते. आता मी घड्याळ लावायला लागले ते नळापासून नळापर्यंत: भाजी धुऊन हाताशी आली तिथून, साधन काढणं, जोडणं, चिरणं, सुटं करणं, धुणं, पुसणं आणि जागेवर परत ठेवणं, इथपर्यंत. पहिलाच हिशेब डोळे उघडणारा निघाला. दोन किलो काकडीच्या चकत्या मावशींनी सुरीने नऊ मिनिटांत केल्या, बोर्ड पुसण्यासकट. स्लायसरवर चिरणं चार मिनिटांत संपलं, पण पाती शोधून बसवण्यात आणि नंतर धुण्यात सहा मिनिटं गेली. दोन किलोला सुरी जिंकली. हीच काकडी आठ किलो असती तर स्लायसरने साधारण एक तृतीयांश वेळ वाचवला असता, कारण धुणं एकदाच. म्हणजे साधन चांगलं की वाईट हे त्याच्याकडे नुसतं बघून ठरत नाही, एका बैठकीत त्याच्यावरून किती माल जाणार हे आधी माहीत हवं.

म्हणून पुढचा आठवडाभर मी काहीच खरेदी केलं नाही. ओट्याच्या टोकाला वही घेऊन उभी राहिले आणि काय, किती, कसं चिरलं जातं ते लिहीत गेले. ज्याला असं काही निवडायचं असेल त्याने हा आठवडा टाळू नये, असं मी अगदी कळकळीने सांगेन. मला वाटायचं आम्ही वीस तऱ्हांनी चिरतो. वहीत पाहिलं तर ऐंशी टक्के काम चारच प्रकारांत बसत होतं: साधारण १२ मिलिमीटरच्या चौकोनी फोडी, ६ मिलिमीटरचं बारीक, ३ मिलिमीटरच्या चकत्या आणि कीस. उभे लांब काप थोडे, बाकी सगळं किरकोळ. भाज्यांमध्ये एकट्या कांद्याचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक. दुसरी गोष्ट अशी कळली की चिरणाऱ्याचा बराच वेळ चिरण्यात जातच नाही. सोलणं, देठ काढणं, बोर्डवरचं चिरलेलं घमेल्यात लोटणं, टरफलं बाजूला करणं यातच तो जातो. साधनाच्या खाली सरळ ट्रे सरकवता येतो की नाही, या बारक्या दिसणाऱ्या गोष्टीला मी त्या दिवसापासून फार महत्त्व द्यायला लागले.

मग चाचण्या. एका विक्रेत्याने दांड्याचे दोन डायसर चार-चार दिवस वापरून बघायला दिले. बाकीची साधनं ओळखीच्या स्वयंपाकघरांतून मागून आणली. मागून आणलेल्यांचा फायदा मोठा होता. ती जुनी होती, वापरलेली होती, आणि कुठे झिजतात ते उघड दिसत होतं.

दांड्याच्या डायसरवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण मावशींचं मनगट वाचणार असेल तर त्याच्यामुळेच, हे पहिल्या दिवशीच लक्षात आलं. रचना साधी आहे. चौकटीत ताणून बसवलेल्या पात्यांची आडवी-उभी जाळी, वर चौकोनी दात असलेला ठोकळा, आणि ठोकळा खाली आणणारा दांडा. जाळीवर अर्धा कांदा ठेवायचा, दांडा खाली दाबायचा, खाली फोडी पडतात. मनगट वळत नाही, जोर खांद्यातून आणि अंगाच्या भारातून येतो.

पण जाळी बारीक घ्यावी की मोठी, यावर आमच्यात खूप चर्चा झाली. सगळ्यांना ६ मिलिमीटरची हवी होती, कारण बारीक कांदा हेच मोठं काम. मी दोन्ही जाळ्यांची पाती मोजली. साधारण ९ सेंटिमीटरच्या चौकटीत १२ मिलिमीटरच्या जाळीला दोन्ही दिशांची मिळून चौदाएक पाती येतात, ६ मिलिमीटरच्या जाळीला अठ्ठावीसएक. कापायच्या धारेची लांबी दुप्पट, म्हणून लावावा लागणारा जोरही साधारण दुप्पट. शिवाय फोडी पात्यांच्या मधून सरकताना दोन्ही बाजूंनी घासतात, ते वेगळंच. १२च्या जाळीतून बटाटा सहज उतरत होता, ६च्या जाळीवर तोच बटाटा ठेवला की दांड्यावर लोंबकळावं लागत होतं. कांद्याचं तसं नाही. त्याचे थर आपोआप सुटे होतात, म्हणून ६ची जाळी कांद्याला चालते. गाजर मात्र दोन्हींत त्रास देतं. लांब तुकडा उभा ठेवला तर पूर्ण लांबी जाळीत घासत जाते आणि मध्येच अडकतो. गाजराचे दोन-अडीच सेंटिमीटरचे बुटके तुकडे करून ठेवले तेव्हा काम सोपं झालं. कडक गाजरावर एकदा जोरात दणका दिला, तर जुन्या यंत्राची दोन पाती वाकली. त्या यंत्राच्या मालकाला मी नवीन जाळी भरून दिली, पण कडक कंदमुळं ६च्या जाळीत घालायची नाहीत हा नियम तिथेच पक्का झाला.

कांदा अर्धा करून कापलेली सपाट बाजू खाली, पात्यांवर ठेवावी. फुगीर बाजू खाली ठेवली की तो डुगडुगतो, तिरका कापला जातो. दांडा हळूहळू दाबत गेलं तर पाती शिरण्याआधी कांदा चेपतो. एकाच दमात, सरळ, खाली. हे सांगायला सोपं आहे, हाताला बसायला आमच्याकडे तीन दिवस लागले.

टोमॅटोने डायसरवर आमची निराशा केली. त्याची साल चिवट आणि आतला गर मऊ. वरून सरळ दाबलं की साल कापली जाण्याआधी आतलं फुटतं. सुरी आपण ओढतो, करवतीसारखी पुढे-मागे चालवतो, म्हणून कमी जोरात साल तुटते. दाबण्यात ते ओढणं नसतं. टोमॅटोसाठी जी वेगळी स्लायसरं मिळतात त्यांची पाती म्हणूनच तिरकी आणि कंगोऱ्यांची असतात. आमच्याकडे रोज दोन-तीन किलोच टोमॅटो चकत्यांना लागतात. दात्यांची एक चांगली सुरी घेतली आणि तो विषय मिटवला.

यंत्र विकत घेताना बघायची एक जागा मला जुन्या यंत्राने शिकवली. ठोकळा ज्या दोन उभ्या सळ्यांवरून खाली सरकतो, तिथे झीज होते. झीज झाली की ठोकळा किंचित डुलतो आणि त्याचे दात जाळीच्या पात्यांवर आपटतात. म्हणून नवं यंत्र हातात घेतल्यावर मी आधी ठोकळा धरून डावीकडे-उजवीकडे हलवून बघते. मग रिकामा दांडा हळूच शेवटपर्यंत खाली आणते. कुठे धातूला धातू लागल्याचा आवाज आला तर ते यंत्र परत. विक्रेत्याच्या दोन यंत्रांपैकी एक असंच परत गेलं. आणि बुडाला स्क्रू मारायची सोय हवीच. नुसत्या रबरी पायांवर उभं राहिलेलं यंत्र दांड्याच्या दर दणक्याला इंच-अर्धा इंच सरकतं, आणि माणूस ते दुसऱ्या हाताने धरायला जातो. तो दुसरा हात जाळीच्या जवळ नको.

आता मॅन्डोलीन, म्हणजे सपाट फळीचा, जाडी कमी-जास्त करता येणारा स्लायसर. याच्याबद्दल लिहिताना मला आधी एक कबूल करायचं आहे. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी एका नव्या मुलीच्या अंगठ्याचं टोक यावर गेलं. संरक्षक पकड, ज्याला हँड गार्ड म्हणतात, ती त्या वेळी खणात होती. चूक तिची नव्हती. स्लायसर टांगलेला आणि गार्ड खणात, ही मांडणी माझी होती. अंगठा भरून आला, पण तिच्या तोंडून निघालेला आवाज मी विसरलेले नाही. या वेळी स्लायसर निवडताना पहिली अट मी गार्डचीच घातली. तो मूळ साधनाला अडकून राहणारा हवा आणि त्याने गाजराचं गोल, निमुळतं टोकसुद्धा घट्ट धरायला हवं. बरेच प्रकार आणले होते. त्यातल्या दोघांचे गार्ड काकडी धरत होते, गाजर सोडून देत होते. ते दोन्ही तिथेच बाद.

गार्डसोबत हातमोजेही घेतले. कापापासून वाचवणाऱ्या हातमोज्यांना अमेरिकन मानकात ए१ ते ए९ अशा पातळ्या आहेत. पात्यावर किती भार दिला की ते आरपार जातं यावरून त्या ठरतात, ए१ला २०० ग्रॅम आणि ए९ला ६००० ग्रॅम. आम्ही १५०० ग्रॅमपासून सुरू होणारी ए४ पातळी घेतली. त्याच्या वरचे मोजे आम्ही घालून पाहिले तेव्हा जाड लागले, बोटांना पकड कळेना, आणि पकड न कळणं हाच पुन्हा धोका. हे मोजे विणलेले असतात, रस शोषून घेतात. म्हणून वर नायट्राइल रबराचा पातळ मोजा घालायचा आणि विणलेला मोजा रोज धुवायला टाकायचा. हेही सगळ्यांना सांगितलं की हा मोजा काप अडवतो, टोक भोसकलं तर अडवेलच असं नाही. शेवटचा दोन-अडीच सेंटिमीटरचा बुडखा स्लायसरवर संपवायचाच नाही. तो ट्रेमध्ये टाकायचा, नंतर सुरीने बारीक होतो किंवा सूपमध्ये जातो. एवढ्या तुकड्यासाठी बोट पात्याजवळ नेऊ नये, हे मी रोज म्हणते आणि म्हणत राहीन.

पात्याच्या आकाराचा फरक वापरल्यावरच कळला. इंग्रजी व्ही अक्षरासारखी दोन पाती असलेला स्लायसर मऊ आणि गोल भाज्यांना चांगला. दोन्ही बाजूंनी तिरकी धार लागते, त्यामुळे पाती साल पटकन धरतात. सरळ पात्याचा स्लायसर कोबी आणि मोठ्या बटाट्याला बरा, आणि त्याचा मोठा गुण म्हणजे पातं काढून दगडावर धार लावता येते. बऱ्याच सरळ पात्यांना उतार एकाच बाजूला असतो. त्याच बाजूने घासायचं, आणि सपाट बाजू दगडावर अगदी आडवी ठेवून घासताना तिकडे वळलेला बारीक काठ तेवढा काढून टाकायचा. व्ही पातं, लहरी पातं आणि डायसरची जाळी यांना स्वयंपाकघरात धार लावणं आमच्या आवाक्यातलं नाही, ती बदलावीच लागतात. म्हणून मी प्रत्येक विक्रेत्याला एकच प्रश्न विचारत गेले: सुटं पातं मिळतं का? "यंत्र इतकं मजबूत आहे की लागणारच नाही," असं एकाने सांगितलं. तिथून मी काही घेतलं नाही. पातं झिजणारच. त्याचं कामच झिजण्याचं आहे.

सिरॅमिकच्या पात्याचा स्लायसर पाहिला. गंजत नाही, धार खूप टिकते, पण हे झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकचं पातं ठिसूळ असतं. आमच्याकडे साधनं सिंकमध्ये एकमेकांवर पडतात. पात्याचा टवका उडून भाजीत गेला तर पांढऱ्या कोबीत तो सापडणार कसा? घरच्या लहान ओट्यावर मी ते आनंदाने वापरेन, इथे नको.

स्टीलच्या बाबतीत मी खिशात लोहचुंबक घेऊन हिंडले. बॉडीला बहुधा ३०४ दर्जाचं स्टील वापरतात, ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ते गंजाला चांगलं तोंड देतं, चुंबकाला मात्र जवळजवळ दाद देत नाही, वाकवलेल्या कडांपाशी थोडीशी ओढ लागते तेवढीच. पण त्याला तापवून-थंड करून कडक करता येत नाही, म्हणून ते पात्याला उपयोगी नाही. पात्याला कडक करता येणारं स्टील लागतं, उदाहरणार्थ ४२० दर्जाचं, आणि त्याला चुंबक घट्ट चिकटतो. एका स्वस्त स्लायसरच्या पात्याला चुंबक चिकटेचना. कागद कापून बघितला तेव्हा धार सुंदर वाटत होती, पण ती किती दिवस टिकली असती? चुंबक चिकटला म्हणजे पातं उत्तम असंही नाही, कारण कडक न होणारी काही स्टीलंही चुंबकाला चिकटतात. चुंबकाची परीक्षा फक्त नापास करायला उपयोगी आहे.

डायसरची चौकट ओतीव ॲल्युमिनियमची होती. ती तीव्र अल्कली साबणाने धुतली की काळवंडते आणि हाताला काळं लागतं, हे मागून आणलेल्या यंत्रावर दिसलंच. आम्ही सौम्य साबण ठेवला. आणि स्टीलची पाती क्लोरीनच्या पाण्यात विसरायची नाहीत. निर्जंतुक करायला ठरलेला वेळ पुरे, रात्रभर भिजत ठेवलं की क्लोराइडमुळे स्टीलला बारीक खड्डे पडतात.

धुण्याची परीक्षा मी बीटने घेतली, आणि ही युक्ती मला स्वतःला फार आवडते. प्रत्येक साधनावर बीट चिरायचं. मग ज्याने ते रोज धुवायचं आहे त्यानेच, रोजच्या घाईत, रोजच्या घासणीने धुवायचं. वाळल्यावर पांढऱ्या ओल्या कापडाने प्रत्येक सांधा, स्क्रू, खाच पुसायची. कापड जिथे गुलाबी होईल तिथे रोज भाजीचा रस राहणार आणि तिथे जंतू वाढणार. दिसायला सगळ्यात देखणा असलेला स्लायसर, ज्याची जाडी बदलायची चकती बॉडीच्या आत होती, त्याने कापड लालभडक केलं. एकही स्क्रू न काढता चार तुकड्यांत सुटा होणारा साधा स्लायसर जवळजवळ कोरा निघाला. मी तोच घेतला.

उंचीचं नंतर सुचलं, खरं तर आधी सुचायला हवं होतं. उभ्याने हलकं काम करताना ओटा कोपराच्या १०-१५ सेंटिमीटर खाली असावा असं मानतात, आणि जोर लावायचं काम असेल तर त्याहूनही खाली. डायसर ओट्यावर ठेवला की त्याचा दांडाच मावशींच्या खांद्याच्या वर जात होता. त्यांना हात उंचावून दाबावं लागत होतं, म्हणजे मनगटाचं दुखणं आम्ही खांद्यात नेऊन ठेवलं असतं. डायसरसाठी वेगळं, बुटकं, जड टेबल केलं आणि यंत्र त्याला स्क्रूने बसवलं. खाली ट्रे सरकवायला मोकळी जागा सोडली. पहिल्या दिवशी मावशींनी दांडा दाबून बघितला, पुन्हा दाबला आणि म्हणाल्या, "आता कांदे आणा." आठ किलो झाल्यावर त्यांनी स्वतःहून थांबून हात हलवून बघितला.

शेवटी आम्ही ठेवलं ते असं: दांड्याचा एक डायसर, दोन जाळ्यांसह, सरळ पात्याचा एक स्लायसर, व्ही पात्याचा एक, टोमॅटोची सुरी, आणि किसायला हँडल फिरवायचं ड्रमचं यंत्र. ते यंत्र आधीच्यासारखं चिकटणारं नको म्हणून टेबलाच्या कडेला शिकंजाने आवळायचं घेतलं. किसताना बोटं कधीच पात्याजवळ जात नाहीत, चार किलो गाजर किसायचं असलं की साध्या किसणीपेक्षा त्याचा फरक खूप जाणवतो. शंभर-दोनशे ग्रॅमला मात्र किसणीच. पालेभाज्या, आलं, मिरची सुरीवरच राहिली, त्यात बदल करायचं कारण दिसलं नाही.

नळापासून नळापर्यंतचा हिशेब पुन्हा केला तेव्हा सकाळच्या चिरण्यातले पन्नासेक मिनिटं वाचल्याचं दिसलं. पण मला जास्त आनंद एका वेगळ्या गोष्टीचा झाला. फोडी सारख्या झाल्या की शिजणंही सारखं होतं. तुकड्याची जाडी दुप्पट असेल तर उष्णता मध्यापर्यंत पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. पूर्वी एकाच पातेल्यात काही बटाटे विरघळायचे आणि काही टणक राहायचे, दोष शिजवणाऱ्या दादांवर यायचा. दादांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "आज बटाटा वेगळा आणलाय का?"

डोळ्यांचंही बोलायला हवं. कांद्याच्या पेशी फुटल्या की त्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, काम करायला लागतात आणि डोळे झोंबवणारं रसायन हवेत उडतं. त्यातलं नेमकं विकर कोणतं, हे जपानी संशोधकांनी २००२ साली शोधून काढलं. आपल्या हातात एवढंच आहे की पातं तीक्ष्ण ठेवायचं, म्हणजे पेशी कमी चिरडतात. नवी जाळी बसवली त्या दिवशी कुणी डोळे पुसत नव्हतं, आणि तीन महिन्यांनी हळूहळू पुन्हा पुसायला लागले. तेव्हापासून जाळी बदलायची वेळ ओळखायला मी डोळ्यांवरही लक्ष ठेवते.

भिंतीवर एक कागद लावला आहे: कोणतं पातं कधी बसवलं, कधी धार लावली, कधी बदललं. मागच्या आठवड्यात मावशींनी कांदे चिरताना मध्येच दांडा सोडला. "ताई, ऐका," म्हणाल्या आणि एक अर्धा कांदा पुन्हा दाबून दाखवला. पूर्वी स्वच्छ 'खच' असा आवाज यायचा, आता त्यात चेपल्याची ओली चरचर होती. जाळी काढून उजेडात धरली. मधल्या दोन पात्यांच्या धारेला दात पडले होते. कागदावर बदलायची तारीख अजून बारा दिवसांनी होती. सुटी जाळी फळीवर ठेवलेलीच होती. दादांनी चार स्क्रू सैल करून ती बसवली, मी कागदावर तारीख लिहिली, आणि मावशींनी उरलेले पाच किलो कांदे पुढे ओढले.